चाल कुणाची, पट्टी कुणाची

वाचकाचं पत्र

आदरणीय ताई,
प्रभूच्या नावात सलाम.

मी ४८ वर्षांचा आहे. राहायला नेरुळला, नोकरी रबाळ्याच्या एमआयडीसीत, सुपरवायझरची. मूळ गाव नगरकडचं. वडील गावच्या चर्चमंडळीत पेटी वाजवायचे, त्यांच्याकडून मी शिकलो. इथल्या आमच्या मराठी मंडळीचं गायन मंडळ मी १७ वर्षं सांभाळलं. ऑगस्टमध्ये कमिटीने यंदाच्या नाताळच्या गाण्यांची जबाबदारी २३ वर्षांच्या एका मुलीकडे दिली. मुलगी गुणी आहे, कीबोर्ड उत्तम वाजवते. पण हे मला कळलं ते व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या मेसेजमधून.

तेव्हापासून मी शनिवारच्या सरावाला गेलेलो नाही. वाटलं होतं, कुणीतरी बोलवायला येईल. कुणी आलं नाही. मग त्या मुलीचाच फोन आला. आम्ही दर नाताळला गातो त्या एका जुन्या भजनाची चाल तिला हवी होती. मी म्हटलं, 'आता आठवत नाही गं.' ताई, ती चाल मला झोपेतही आठवते.

सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्या आमच्याकडेच आहेत. परवा बायको म्हणाली, 'घरात डोळ्याचं ऑपरेशन झालेलं माणूस आहे आणि महिनाभर बोलणं चाललंय ते फक्त तुमच्या अपमानाचं.' फार लागलं, कारण ते खरं होतं. ऑपरेशन कोणत्या डोळ्याचं झालं, हेही मला पटकन सांगता आलं नसतं.

मी प्रार्थना केली. दोन शुक्रवार उपास केला. नम्र व्हायचं म्हणून रविवारी उपासनेच्या आधी जाऊन खुर्च्या लावल्या. आणि खुर्च्या लावताना पाळकसाहेब बघताहेत का, हे मी बघत होतो. नम्रतेतही मीच! यातून बाहेर कसा पडू? आणि १७ वर्षांनंतर कुणी दोन बरे शब्द बोलावेत असं वाटणं, हे पाप आहे का?

– एक भाऊ, नेरुळ

*

प्रिय भाऊ, सलाम.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे ते बाजूला होईल. नाही, हे पाप नाही. रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय काढा. अर्ध्याहून अधिक अध्याय नावांनी भरलाय. फिबी, प्रिस्किल्ला, अक्विल्ला, आणखी कितीतरी. कुणी कष्ट केले, कुणी जीव धोक्यात घातला, कुणाची आई पौलाला स्वतःच्या आईसारखी होती, हे त्याने नाव घेऊन लिहिलंय. राबलेल्या माणसाचे आभार मानणं हे मंडळीचं कामच आहे. १७ नाताळ ज्याने सांभाळले त्याला समोर बसवून, चहा देऊन, 'यंदा आम्ही असं ठरवतोय' एवढं सांगायला हवं होतं. ते राहिलं, आणि ते चुकलं. पाळकसाहेबांची वेळ घ्या, एकटे जा आणि एकदाच सांगा: 'मला ग्रुपवरून कळलं, त्याचं वाईट वाटलं.' त्या वाक्याला पुढे शेपूट जोडू नका. ते काय म्हणतात ते ऐका आणि घरी या. हे मनात दाबून वर 'मी काही मनावर घेतलं नाही' म्हणत राहिलात तर ते आतल्या आत नासेल, आणि त्या नासण्याला तुम्ही नम्रता म्हणायला लागाल.

कमिटीची चूक कमिटीकडे राहू द्या. 'आता आठवत नाही गं' हे मात्र तुमचं आहे.

तुमच्या पत्रात मी सगळ्यात जास्त वेळ त्या वाक्यापाशी थांबले. खुर्च्यांपाशी नाही. खुर्च्या लावताना इकडेतिकडे बघणं हे माणसाचं होतं. त्याची लाज वाटली आणि तुम्ही ते लिहिलंत, तिथे निम्मं काम झालं. पण त्या मुलीने मागितलेली चाल तुमच्या मालकीची होती का? आपल्या गायनपुस्तकात शब्द छापलेले असतात. चाल कानातून कानात जाते. तुमच्या वडिलांना ती कुणीतरी शिकवली असेल, आणि त्या शिकवणाऱ्याला आणखी कुणीतरी. ओवीच्या, अभंगाच्या चाली गळ्यात घेऊन आपली माणसं खेड्यांतून इथे आली, कुणी कंपनीत लागलं, कुणी इस्पितळात, आणि रविवारी भाड्याच्या हॉलमध्ये जमून गायला लागली. तुमच्याजवळ ती चाल ठेव म्हणून आली होती. मागणारी आली आणि तुम्ही पेटी बंद केलीत.

कडक लिहितेय, पण दुरून लिहीत नाहीये. मीही असंच केलंय.

ठाण्यात आमच्या मंडळीचं नाताळचं नाटक मी बरीच वर्षं बसवत असे. मी शाळेत शिकवायचे, त्यामुळे पोरांना ओरडून सरळ उभं करणं मला जमे. एका वर्षी नोव्हेंबरात जिन्यावर पाय मुरगळला आणि घोट्याचं हाड मोडलं. गुडघ्यापर्यंत प्लास्टर. नाटक माझ्याशिवाय झालं. दोन कॉलेजच्या मुलींनी बसवलं. मेंढपाळांचे संवाद बदलले, देवदूताला शिडीवर उभं केलं, आणि सगळे सांगत आले की यंदा मजा आली. प्रत्येक जण 'तुमची आठवण झाली' असंही म्हणे, पण ते शेवटी, उठता उठता.

त्याच आठवड्यात कळव्याहून एक म्हाताऱ्या बाई मला बघायला आल्या. भाकऱ्या करून देण्याचं काम करत. मंडळीत त्या कधी पुढे बसलेल्या मला आठवत नाहीत. आल्या, पिशवीतून पेज काढून ठेवली आणि माझ्या चांगल्या पायाकडे बघून म्हणाल्या, 'बाई, नखं वाढलीत तुमची.' वाकता येत नसल्यामुळे दीड महिना मी ती कापली नव्हती. त्यांनी नेलकटर मागितलं, कोमट पाणी घेतलं आणि खाली बसून माझी नखं कापायला लागल्या. आणि मी काय करत होते? नाटक कसं बिघडवलं ते त्यांना सांगत होते. देवदूत कुठे शिडीवर असतो का, संवाद किती उथळ झाले, मला विचारलंसुद्धा नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग करंगळीचं नख कापत म्हणाल्या, 'पोरांनी केलं ना मनापासून? मग झालं की.' उठताना त्यांना पलंगाचा आधार घ्यावा लागला. त्यांचे गुडघे दुखत होते. तासभर त्या माझ्या पायाशी बसल्या होत्या आणि त्यांचं कसं चाललंय, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

त्या गेल्यावर मी बराच वेळ त्या कापलेल्या नखांच्या कागदाकडे बघत बसले.

म्हणून तुम्हाला सांगते, मीपणाला आपण माज म्हणतो, पण मला तो पुष्कळदा भूक वाटतो. ज्याचं पोट भरलेलं असतं तो पंगतीत वाढप्याच्या मागे मागे बघत नाही. मला नाटक हवं होतं, कारण वर्षातून एकदा ते मला सांगायचं की तू कुणीतरी आहेस. तुम्हाला पेटी तेच सांगत होती. सांगणारं गेलं की माणूस खुर्च्या लावतो आणि पाळकसाहेबांच्या डोळ्यांत उत्तर शोधतो. दोन शुक्रवारच्या उपासाने ही भूक जाणार नव्हती. उपासाला तुम्ही बसलात तेव्हाही लक्ष स्वतःवरच होतं, मी किती नम्र झालो यावर. स्वतःला मोठं मापा किंवा लहान मापा, फूटपट्टी हातातच असते.

योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय आपण दर पवित्र गुरुवारी ऐकतो. येशू शिष्यांचे पाय धुतो, ते आपल्या लक्षात राहतं. त्याच्या आधीचं तिसरं वचन मी कितीतरी वर्षं नुसतंच वाचून पुढे गेले होते. पित्याने सगळं आपल्या हाती दिलंय, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जातोय, हे येशूला ठाऊक होतं, असं योहान आधी लिहितो. हे ठाऊक असून तो जेवणावरून उठला, अंगावरची वस्त्रं काढून ठेवली आणि रुमाल कमरेला बांधला. म्हणजे त्याने पाय धुतले ते 'मी कुणी नाही' असं वाटून धुतले नाहीत. आपण कोण हे त्याला पक्कं माहीत होतं, म्हणून त्याचे हात मोकळे होते. त्या रात्री कुणी त्याच्याकडे कौतुकाने बघत होतं असंही नाही. पेत्र तर 'माझे पाय धुवायचे नाहीत' म्हणून अडून बसला. यहूदाचेही पाय तिथे होते. याच पेत्राने पुढे म्हातारपणी मंडळ्यांना लिहिलं की एकमेकांसाठी 'नम्रतारूपी कमरबंद बांधा'. मूळ ग्रीक शब्दात अंगावर बांधून घेण्याचा, कामाला लागताना गुलामाने फडकं बांधण्याचा अर्थ आहे. आपल्याकडे बाई पदर खोचते ना, तसा. पेत्राला तो रुमाल विसरता आला नसावा, असं मला नेहमी वाटतं.

आणि तुम्ही कोण आहात? येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी आकाशातून वाणी झाली, 'तू माझा पुत्र, मला परमप्रिय आहेस.' तोवर येशूने एकही चमत्कार केला नव्हता, एक प्रवचन दिलं नव्हतं. नासरेथात सुतारकाम केलेला माणूस. तुमचाही बाप्तिस्मा पेटीवर बोट ठेवण्याच्या आधी झालाय. हे मी तुमचं सांत्वन करायला लिहीत नाहीये. रोज सकाळी रबाळ्याला जायला गाडीत बसाल तेव्हा हे स्वतःला सांगा. तुम्हाला हे गोड वाटण्यापेक्षा खरं वाटायला हवं, आणि त्याला वेळ लागतो. मलाही लागतोय.

आता फिलिप्पैकरांस पत्र. नम्रतेवर बोलायचं म्हटलं की सगळे त्याचा दुसरा अध्याय उघडतात: ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केलं, दासाचं रूप घेतलं, वधस्तंभावरचं मरण सोसलं. तुम्ही तोही वाचा, पण पहिल्या अध्यायापासून सुरुवात करा. पौल तुरुंगात आहे. बाहेर काही जण ख्रिस्ताची घोषणा करताहेत, आणि त्यातले काही चक्क मत्सराने, पौलाला आणखी त्रास व्हावा म्हणून करताहेत. त्याचं काम, त्याच्या हयातीत, त्याला खिजवण्यासाठी दुसरे लोक करताहेत! आणि तो लिहितो की त्याने काय झालं, निमित्ताने असो की खऱ्या भावाने, ख्रिस्ताची घोषणा तर होते आहे, आणि यात मी आनंद करतो. भाऊ, तुमच्या मंडळीतल्या त्या मुलीच्या मनात तर मत्सरही नाही. तिने तुम्हाला फोन करून चाल विचारली. पौलाला साखळीत असताना जो आनंद झाला, तो तुम्हाला नेरुळला घरात बसून का होत नाही, हा प्रश्न रागाने नाही, पण शांतपणे स्वतःला विचारा.

फिलिप्पै हे रोमी वसाहतीचं शहर. निवृत्त सैनिकांना जमिनी देऊन वसवलेलं. पदाला, किताबाला, नागरिकत्वाला तिथे फार मान. त्या काळच्या त्या जगात 'नम्र' या ग्रीक शब्दाला खालच्या पायरीच्या, लाचार माणसाचा वास होता. तो गुण म्हणून कुणी मिरवत नसे. आणि वधस्तंभ ही गुलामांना आणि बंडखोरांना द्यायची शिक्षा, रोमी नागरिकाला सहसा न मिळणारी. असल्या शहरातल्या माणसांना पौल सांगतो की देवाच्या पुत्राने उतरण घेतली, थेट गुलामाच्या मरणापर्यंत. आणि हे एवढं उंच स्तोत्र तो कशासाठी लिहितो? चौथ्या अध्यायात कळतं. मंडळीत दोन बायांचं पटत नव्हतं, युवदीया आणि सुंतुखे. दोघी पौलाच्या बरोबरीने सुवार्तेसाठी झटलेल्या. वाईट बाया नव्हत्या, कामाच्या बाया होत्या. तुमच्यासारख्या आणि माझ्यासारख्या. भांडण कशावरून होतं ते त्याने लिहिलं नाही, आणि मला ते बरं वाटतं. गाण्यावरूनही असू शकेल.

एक सांगून ठेवते. हे तुमच्यासाठी कमी आणि हे सदर वाचणाऱ्या बहिणींसाठी जास्त आहे. नम्रतेची वचनं घरात बायकोला, सुनेला गप्प करण्यासाठी फार वापरली जातात. मार खाणं, अपमान गिळत राहणं, आपला पगार दुसऱ्याच्या हातात देऊन हिशेब न विचारणं, याला ख्रिस्ताची नम्रता म्हणत नाहीत. तो स्वतः होऊन उतरला, त्याला कुणी ढकललं नव्हतं. ज्याच्या हातात काही आहे त्याने उतरायचं असतं. तुमच्या घरात या घडीला उतरायची पाळी तुमची आहे, बायकोची नाही. त्यामुळे तिला यातलं एकही वचन वाचून दाखवू नका.

'मला काय येतंय' असं म्हणायलाही लागू नका. तुम्हाला पेटी येते. १७ वर्षं लोक तुमच्या सुरावर गायले. ते नाकारणं खोटं बोलणं होईल. आपल्याच घरातलं उदाहरण आहे पंडिता रमाबाईंचं. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. एवढी विद्वत्ता होती म्हणून त्यांनी ती झाकून ठेवली नाही. पुढे केडगावला मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातल्या, टाकलेल्या, विधवा मुलींमध्ये राहून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बाईला वाचता यावं अशा मराठीत बायबलचं भाषांतर करत राहिल्या, १९२२ मध्ये डोळे मिटेपर्यंत. ज्या विद्येने सभा जिंकल्या ती त्यांनी खेड्यातल्या मुलीच्या जिभेला वळेल अशा वाक्यांवर खर्च केली. विद्या तेवढीच होती. ती कुणासाठी, हे बदललं होतं.

ठाण्याला आलात तर तलावपाळीला चक्कर मारा. मासुंदा तलावाच्या काठाजवळच आपल्या कॅथलिक भावंडांचं जुनं चर्च आहे, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या नावाचं. मी जांभळी नाक्याहून भाजी घेऊन परतताना तिथे कधी कधी थांबते, त्या नावासाठी. योहानाचे शिष्य त्याच्याकडे तक्रार घेऊन आले होते, की ज्याच्याविषयी तुम्ही साक्ष दिली त्याच्याकडेच आता सगळे चाललेत. म्हणजे गर्दी हलली होती. योहान म्हणाला, 'त्याची वृद्धी व्हावी व माझा र्‍हास व्हावा हे अवश्य आहे.' हे वाक्य आपण उसासा टाकून म्हणतो. त्याच्या आधीचं वाक्य वाचा: नवरदेवाचा मित्र उभा राहून त्याचा आवाज ऐकतो आणि आनंदित होतो, तसा माझा आनंद पूर्ण झालाय. लग्नात मांडवाची धावपळ केलेला मित्र, वरात आल्याचा आवाज ऐकून ज्याचा चेहरा खुलतो, तो योहान आहे. चर्चने त्याचा जन्मदिन २४ जूनला ठेवलाय आणि प्रभूचा २५ डिसेंबरला. जूनअखेरीपासून दिवस लहान होत जातो आणि नाताळापासून मोठा. संत ऑगस्टीनने पंधराशेहून अधिक वर्षांपूर्वी या दोन तारखा त्या वाक्याशी जोडल्या होत्या. तुमची यंदाची नाताळची तयारी ऑगस्टपासून म्हणजे दिवस लहान होण्याच्या काळातच सुरू झाली, हे मला पत्र वाचताना जाणवलं.

आता करायचं काय.

सासूबाईंपासून सुरू करा, कारण ते घरातलं आहे आणि तिथे बघायला पाळकसाहेब नाहीत. मोतीबिंदूनंतर ऑपरेशन झालेल्या डोळ्यात थेंब घालायचे असतात, दिवसातून अनेकदा, काही आठवडे, आणि ते हळूहळू कमी करत नेतात. बायकोला विचारा की वेळा कोणत्या, कोणती बाटली आधी, दोन बाटल्यांमध्ये किती वेळ सोडायचा. 'मी करतो' असं जाहीर करू नका. सकाळची वेळ घ्या आणि पाळा. हात साबणाने धुऊन, त्यांना उताणं निजवून, बाटलीचं टोक डोळ्याला न लावता थेंब सोडायचा, मग त्यांना डोळा मिटून पडू द्यायचं. ती पाच मिनिटं तिथेच बसा. त्या बोलतील. माहेरचं, गुडघ्याचं, शेजारणीचं. मध्ये तुमचं काही सांगू नका. सुरुवातीला हे किती जड जातं ते बघाच.

बायकोने जे सुनावलं त्याबद्दल तिला एकदा 'तुझं बरोबर होतं' म्हणा. माफीचं भाषण नको. आपण पुरुष माफी मागायला बसलो की अर्ध्या तासाने बायकोच आपलं सांत्वन करत असते, असं माझ्या ओळखीतल्या एका पाळकांनी मला सांगितलं होतं, आणि ते स्वतःविषयी बोलत होते.

मंडळीसमोर उभं राहून साक्षही देऊ नका. 'माझ्यात गर्व होता, प्रभूने मला मोडलं' असं माइकवर सांगायची इच्छा तुम्हाला येत्या महिन्यात होईल. लोक डोळे पुसतील, हात मिळवतील. ते थांबवा. तुम्ही चाल लपवलीत ती एका माणसापासून. कबुलीही त्या एकाच माणसाला द्यायची.

प्रार्थनेत 'मला नम्र कर' हे काही दिवस म्हणू नका. त्या मुलीचं नाव घ्या. तिच्या सरावासाठी, तिच्या आवाजासाठी, मागच्या ओळीतले बास गाणारे वेळेवर यावेत म्हणून. ते कधीच वेळेवर येत नाहीत हे तुम्हाला १७ वर्षं माहीत आहे, तिला आत्ता कळत असेल. नेमकं मागा. ज्याच्यासाठी आपण इतकं बारीक मागतो त्याचं वाईट व्हावं असं फार दिवस वाटत नाही. निदान माझा अनुभव तरी असा आहे. नाटक बसवलेल्या त्या दोन मुलींसाठी मी एक अख्खा आगमनकाळ, म्हणजे नाताळआधीचे चार आठवडे, प्रार्थना केली. पहिले काही दिवस दात-ओठ खात केली. मग त्यातल्या एकीच्या परीक्षेची तारीख मला पाठ झाली.

आणि शनिवारी सरावाला जा. पेटीजवळ नाही, पुरुषांच्या दुसऱ्या ओळीत. ती जिथून सुरू करायला सांगेल तिथून सुरू करा. ती चुकेल. लय पळवेल, एखादा अंतरा गाळेल, जुनं भजन कीबोर्डच्या ठेक्यावर बसवेल. तिने विचारलं तर सांगा. न विचारता सांगावंसं वाटलं तर पुढचं कडवं गा. सगळ्यांना कळेल की तुम्ही परत आलात, काही जण तुमच्या खांद्यावर हात ठेवतील, आणि तेव्हा पाळकसाहेब कुठे आहेत हे बघण्याची सवय पुन्हा उसळेल. उसळू द्या. त्या सवयीवर चिडू नका, तिचा हिशेब ठेवू नका. वहीतल्या शब्दांकडे बघा आणि गात राहा. ही सवय एका नाताळात जाणार नाही. माझी गेलेली नाही. ती आली की आता मी तिला ओळखते, एवढंच.

पण शनिवारच्या आधी फोन. आजच करा, रात्री जेवणं झाल्यावर. सांगा की मला चाल येत होती आणि मी येत नाही म्हटलं, ते खोटं होतं. ती बिचारी गडबडेल, 'नाही काका, असू दे' म्हणेल. तेवढ्यावर फोन ठेवू नका. पेटी जवळ ओढा आणि पूर्ण भजन गाऊन तिला रेकॉर्ड करून पाठवा, ध्रुवपद आणि सगळी कडवी, वडील जिथे थांबायचे तिथे थांबून. ते कुणी शिकवलं तेही तिला सांगा, म्हणजे पुढे ती कुणाला देईल तेव्हा त्यांचं नाव जाईल. मात्र गाण्याआधी तिला तिची पट्टी विचारा. तुम्ही इतकी वर्षं काळी एकमध्ये गात आला असाल. तिला कदाचित काळी चार लागेल. ती म्हणेल त्या पट्टीत पेटी धरा, आणि तुमचा आवाज वर फाटला तरी तिच्याच पट्टीत गा.

तुमची,
ताई
ठाणे